सरकारी अनुदान परत करण्याची नोटीस आणि फसवणुकीचा आरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएम किसान सन्मान निधी, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना, संजय गांधी निराधार अनुदान योजना अशा योजनांचे पैसे खात्यात जमा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, "आपण अपात्र असून घेतलेली रक्कम शासनास परत करावी" अशी नोटीस ज्यांच्या हाती पडते, त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. तालुक्याच्या ठिकाणी लोकांना अर्ज आणि खुलासे लिहून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, तेच येथे घेतले आहेत.

नोटीस आली, म्हणजे मी सरकारची फसवणूक केली असे ठरले का?

नाही. नोटिशीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते वेगळे करणे हे तुमचे पहिले काम आहे. पहिला प्रश्न हिशेबाचा आहे: तुम्हाला मिळालेली रक्कम योजनेच्या नियमांनुसार तुम्हाला मिळायला हवी होती की नव्हती? दुसरा प्रश्न हेतूचा आहे: ती मिळवताना तुम्ही जाणूनबुजून खोटे सांगितले का, किंवा खोटा कागद वापरला का? पहिल्याचे उत्तर तुमच्या विरुद्ध गेले, तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप तसे होत नाही. पैसे चुकून आले असतील तर ते परत करावे लागू शकतात, पण चुकून पैसे येणे हा गुन्हा नाही. घाबरलेला माणूस नेमकी येथेच गफलत करतो. "पैसे भरतो, पण प्रकरण मिटवा" असे म्हणत, समोर ठेवलेल्या तयार कागदावर तो सही करून येतो, आणि त्या कागदावर "मी खोटी माहिती देऊन लाभ घेतला, हे मला मान्य आहे" असे एक वाक्य असते.

नोटीस हातात पडल्यावर आधी काय करावे?

ती शांतपणे शेवटपर्यंत वाचावी आणि कोपऱ्यात ती मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहावी, कारण मुदत तेथून मोजली जाते. टपालाने आली असेल तर पाकीट फेकू नये, त्यावरचा शिक्का हा तारखेचा पुरावा असतो.

बहुतेक नोटिसा छापील मसुद्यावर असतात. मजकूर सर्वांना सारखाच, फक्त नाव, गाव, हप्त्यांची संख्या आणि रक्कम पेनने भरलेली, आणि कारणाच्या जागी "आयकरदाता" किंवा "इतर कारणाने अपात्र" एवढेच. पेनने भरलेल्या याच जागा नीट पाहायच्या असतात. जावक क्रमांक आहे का, कोणत्या योजनेचे कोणते हप्ते धरले आहेत, अपात्रतेचे नेमके कारण दिले आहे का, कोणत्या नियमाचा किंवा शासन निर्णयाचा आधार घेतला आहे आणि सही कोणाची आहे, हे एका कोऱ्या कागदावर उतरवून काढावे. कारण दिलेले नसेल, तर खुलाशातली पहिली मागणी तीच असावी. ज्या आरोपाचा तपशीलच दिलेला नाही, त्याला उत्तर देता येत नाही, आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय वसुलीचा आदेश काढणे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वात बसत नाही.

रक्कम बरोबर आहे की नाही, हे कसे ताडून पाहावे?

पासबुक भरून घ्यावे, आणि जुन्या नोंदी त्यात नसतील तर बँकेकडून शिक्का मारलेला खातेउतारा मागावा. पीएम किसानचा हप्ता २,००० रुपयांचा असतो आणि वर्षाला तीन हप्त्यांचे ६,००० रुपये होतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये वेगळे येतात. दोन्ही योजनांचा हप्ता २,००० रुपयांचाच असल्यामुळे हिशेबात गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने योजनेचे नाव लिहावे.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. थेट लाभाची रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यातच जाईल असे नाही. ती आधार क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जाते. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना उघडलेले एखादे पेमेंट बँकेचे खाते आधारशी जोडले गेले असेल, तर पैसे तेथे गेलेले असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. आधारशी कोणती बँक जोडलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. "मला एकही हप्ता मिळालेला नाही" असे लिहून देण्यापूर्वी हे नक्की तपासावे, कारण ते विधान पुढे चुकीचे निघाले तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

मी आयकर विवरणपत्र भरले होते, पण कर शून्य होता. तरीही मी अपात्र ठरतो का?

महाराष्ट्रात पीएम किसानच्या वसुलीच्या नोटिसा मोठ्या प्रमाणात आयकरदाते या कारणाखाली निघाल्या, म्हणून या प्रश्नावर थोडे थांबू. योजनेतून वगळलेले आहेत ते मागील आकारणी वर्षात आयकर भरलेले लोक. विवरणपत्र दाखल करणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी बँकेने मागितले म्हणून अनेक शेतकरी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे भरतात, त्यांत देय कर शून्य असतो. काहींच्या ठेवीच्या व्याजातून बँकेने कर कापलेला असतो आणि विवरणपत्र भरल्यावर तो पूर्ण परत मिळालेला असतो. अशा माणसाचे नाव पॅनच्या आधारे यादीत आले असेल, तर त्याने गप्प बसून पैसे भरण्याचे कारण नाही. त्या वर्षाच्या विवरणपत्राची पोच, आयकर विभागाकडून आलेली कलम १४३(१) खालची सूचना आणि परतावा मिळाल्याची बँकेतील नोंद, असे तीन कागद जोडून "माझ्यावर कराचे दायित्व नव्हते" असे स्पष्ट लिहावे.

वर्षाकडेही लक्ष द्यावे. २०२२-२३ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२३-२४ असते. एखाद्याने फक्त एकाच वर्षी, समजा संपादित जमिनीच्या मोबदल्यावरील व्याजामुळे, कर भरला असेल आणि नोटिशीत मात्र पहिल्या हप्त्यापासूनची सगळी रक्कम धरलेली असेल, तर कोणत्या हप्त्यांसाठी आपण अपात्र होतो आणि कोणत्या हप्त्यांसाठी नव्हतो, याचा वर्षवार तक्ता करून द्यावा. असा तक्ता पाहिल्यावर मागणीचा आकडा कमी झालेला मी पाहिला आहे.

पती आणि पत्नी दोघांच्या नावावर जमीन आहे आणि दोघांनाही हप्ते मिळाले. आता काय?

पीएम किसानमध्ये पती, पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि एका कुटुंबाला एकच लाभ मिळतो, त्यामुळे येथे एकाची रक्कम परत करावी लागेल. पण हा बहुतेक वेळा नियम न समजल्याचा परिणाम असतो. सातबारा वेगळा म्हणून लाभही वेगळा, असे गावात सर्रास समजले जात होते. दोघांनी आपापली खरी नावे आणि खरे गट क्रमांक दिले असतील, तर काही लपवले होते असे म्हणता येत नाही. ते खुलाशात लिहावे आणि रक्कम भरावी. सज्ञान मुलाचे कुटुंब मात्र वेगळे असते.

पीएम किसानच्या पात्रतेसाठी त्या तारखेची मालकी पाहिली जाते, म्हणून जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदी केली असेल तर अडचण येते. वारसाने आली असेल तर तिचा विचार वेगळा होतो, म्हणून वारस फेरफाराची नक्कल जोडावी.

लाडकी बहीण योजनेत मला अपात्र ठरवले आहे. आधीचे सगळे पैसे परत द्यावे लागतील का?

ही योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत, कुटुंबात आयकरदाता नाही, नियमित सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नाही, अशा तिच्या अटी आहेत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील तर हा लाभ मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये अंगणवाडी सेविकांनी, सेतू केंद्रांनी आणि शेजारपाजारच्या मुलांनी मोबाइलवर अक्षरशः रात्री जागून अर्ज भरले, आणि छाननी खऱ्या अर्थाने नंतर झाली. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचे शासनाने जाहीर केले, त्यांत काही ठिकाणी पुरुषांनीही लाभ घेतल्याचे समोर आले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्या, तेव्हा महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी आधी जमा झालेली रक्कम परत घेतली जाणार नाही, असे सांगितले होते. त्यामुळे केवळ हप्ता बंद झाला म्हणजे वसुली होणारच, असे समजून कोणीही कर्ज काढून पैसे भरायला धावू नये. तुमच्या नावाने लेखी मागणी आली असेल, तर ती कोणत्या आदेशाखाली काढली हे लेखी विचारावे आणि मंत्र्यांच्या या विधानाचा खुलाशात उल्लेख करावा.

अपात्रतेचे कारणही तपासून पाहावे, कारण कुटुंब या शब्दाचा अर्थ येथे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले एवढाच आहे. गाडी सासऱ्यांच्या किंवा दिराच्या नावावर असेल आणि केवळ शिधापत्रिका एक आहे म्हणून तुम्हाला वगळले असेल, तर वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडून हरकत घ्यावी. पती कंत्राटी कामगार असून उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर तो नियमित सरकारी नोकर नाही, हेही दाखवून द्यावे.

अर्जासोबतच्या हमीपत्रावर माझी सही आहे. ती माझ्या विरुद्ध वापरली जाईल का?

वापरली जाऊ शकते, म्हणून तिच्याबद्दल खरे तेच लिहावे. त्या हमीपत्रात अटींसमोर छोट्या चौकटी होत्या आणि त्यांत खुणा करायच्या होत्या. कित्येक बायकांनी तो कागद वाचलाच नाही. कोणीतरी सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या आणि सहीची जागा बोटाने दाखवली. तसे झाले असेल तर ते कोठे झाले, अर्ज कोणी भरला, त्या वेळी कोण सोबत होते आणि पैसे घेतले का, हे साध्या शब्दांत लिहावे. "मला काहीच माहीत नाही" या एका वाक्यापेक्षा असा तपशील कितीतरी जास्त विश्वासार्ह ठरतो. अर्ज आणि हमीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते. ती हाती येईपर्यंत, त्यात काय लिहिले होते याविषयी अंदाजाने विधान करू नये.

निराधार योजनेचे पैसे आईच्या मृत्यूनंतरही येत राहिले आणि आम्ही ते काढले. हा गुन्हा आहे का?

हा सर्वांत नाजूक प्रकार आहे आणि त्यात उशीर करू नये. मृत्यूनंतर पैसे खात्यात येणे ही तुमची चूक नाही. ते मृत व्यक्तीच्या एटीएम कार्डाने काढणे मात्र अडचणीचे आहे, आणि आई हयात असल्याचा दाखला कोणी दिला असेल तर प्रकरण गंभीर होते. मृत्यूचा दाखला जोडून तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेला तत्काळ कळवावे, किती महिने रक्कम आली ते लिहावे आणि ती भरण्यासाठी चलन मागावे. दुखवट्याच्या दिवसांत, औषधांची उधारी फेडण्यासाठी म्हणून एक-दोन हप्ते काढले गेले असतील तर तेही लपवू नये. स्वतःहून कळवलेले आणि पकडल्यावर सांगितलेले यांत चौकशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. फक्त, येथे दाखल्याचा किंवा सहीचा प्रश्न असेल, तर कळवण्याआधी वकिलाशी बोलावे. खात्याशी संबंध नसलेल्या वारसावर, त्याला वारशाने मिळालेल्या मालमत्तेपलीकडे देणे लादता येत नाही.

खुलासा कसा लिहावा?

मुदतीत, लेखी आणि नोटिशीचा जावक क्रमांक व दिनांक विषयातच देऊन. दोन पाने पुरतात. आपण कोण आहोत, अर्ज केव्हा आणि कसा केला, तेव्हाची परिस्थिती काय होती, ती नंतर बदलली असेल तर केव्हा, आणि नोटिशीतील कारण आपल्याला कसे लागू होते किंवा होत नाही, या क्रमाने लिहावे. अर्जाच्या दिवशी पात्र असलेली आणि पुढे पतीला नोकरी लागल्यामुळे अपात्र झालेली बाई, ही पहिल्याच दिवशी खोटे बोललेली बाई नव्हे, हे या क्रमामुळेच दिसते. शेवटी पुढीलसारखा मजकूर घालावा: "मी कोणतीही माहिती हेतुपुरस्सर लपवलेली नाही. छाननीअंती एखादी रक्कम देय ठरल्यास ती नियमानुसार परत करण्यास मी तयार आहे, मात्र हे निवेदन म्हणजे फसवणुकीच्या आरोपाची कबुली नव्हे. मला समक्ष सुनावणीची संधी द्यावी."

कागद आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय तेथून हलू नये. "साहेब आल्यावर देतो, ठेवून जा" असे सांगितले जाईल. तरीही पोच मागावी, आणि दिली नाही तर तोच कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवावा.

रक्कम खरोखर परत द्यायची आहे, पण एकदम भरता येत नाही.

हप्ते पाडून मिळावेत असा अर्ज करावा, त्यात कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज आणि दरमहा किती भरता येईल हे आकड्यांत लिहावे, आणि पहिला हप्ता शक्य असल्यास अर्जासोबतच भरावा. हप्ते देणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असले, तरी ठोस आकडा असलेल्या अर्जाला सहसा नुसता नकार मिळत नाही. रक्कम चलनाने, नोटिशीत दिलेल्या शासकीय खात्यात किंवा पीएम किसानच्या संकेतस्थळावरील परताव्याच्या सोयीतून भरावी. गावातल्या कोणाच्याही हातात, मग तो कितीही ओळखीचा असो, रोख देऊ नये. मी लिहून दिलेल्या एका प्रकरणात एका वृद्ध शेतकऱ्याने १२,००० रुपये रोख दिले होते आणि त्याच्याकडे पावती म्हणून वहीचा फाटका कागद होता. वर्षभराने त्याच रकमेची दुसरी नोटीस आली.

सातबाऱ्यावर बोजा चढवतील का? जमीन जप्त होईल का?

"रक्कम न भरल्यास जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यात येईल" असे वाक्य नोटिशीत असू शकते. अशा थकबाकीच्या वसुलीचे मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १७६ मध्ये दिले आहेत आणि त्यांची सुरुवात मागणीच्या नोटिशीने होते, एकदम जप्तीने नव्हे. ही रक्कम त्या पद्धतीने वसूल करण्याचा अधिकार कोणत्या तरतुदीने मिळाला, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात बोजाची नोंद घेण्यासाठी फेरफार घालावा लागतो. त्याची नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. संहितेखाली तहसीलदाराने आदेश दिला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे कलम २४७ खाली अपील करता येते आणि त्याची मुदत ६० दिवसांची आहे. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा, नाहीतर अपील पडून राहते आणि वसुली चालू राहते.

कायद्याने फसवणूक कधी होते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. त्याआधीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागू होते. दोन्हींचा गाभा एकच आहे: अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याला फसवून त्याला मालमत्ता द्यायला लावणे, आणि तो हेतू सुरुवातीपासून असणे. बनावट उत्पन्नाचा दाखला, दुसऱ्याचे आधार कार्ड, खोडाखोड केलेला जन्मदाखला असे काही असेल तर बनावट दस्तऐवजाची कलमेही लागतात. हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते.

पैसे परत केल्याने दाखल झालेला गुन्हा आपोआप रद्द होत नाही. मात्र गुन्हा दाखल होण्यापूर्वी, स्वतःहून भरलेली रक्कम हेतूविषयी तुमच्या बाजूने बोलते.

पोलीस ठाण्यातून बोलावणे आले आहे. जावे की नाही?

लेखी नोटीस असेल तर जावे, टाळू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात, आणि तिचे पालन करणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. नुसता फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागावी. जाण्यापूर्वी वकिलाला भेटावे, आणि अटकेची खरी भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार करावा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हा संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला हक्क आहे, आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तरीही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही.

मी सरकारी कर्मचारी आहे आणि लाभ घेतला गेला आहे.

तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण वसुलीबरोबर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खाली विभागीय कारवाई होऊ शकते. अर्ज कुटुंबातील कोणी तुमच्या नकळत केला असेल तर ते पुराव्यासह मांडावे. रक्कम तत्काळ भरून कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावे आणि विभागीय चौकशीतील प्रत्येक कागदाला वेगळे उत्तर द्यावे. वेतनातील जादा रकमेची वसुली करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल अनेक जण येथे पुढे करतात. तो निकाल नोकरीतील वेतन व भत्त्यांविषयी आहे, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये.

"मी वसुली अधिकारी बोलतोय, आत्ताच पैसे पाठवा" असा फोन आला.

फोन ठेवावा. कोणतेही कार्यालय खासगी क्रमांकावर यूपीआयने वसुली करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

वकिलाची फी परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे. तेथे जाताना नोटीस, पासबुक, आधार, अर्जाची प्रत आणि दिलेला खुलासा असे सगळे एका पिशवीत घेऊन जावे, म्हणजे दुसरा हेलपाटा पडत नाही.

मी पात्र आहे, पण चुकीने नाव वगळले आणि खुलाशाला उत्तरच नाही.

खुलाशाच्या पोचेची प्रत जोडून माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागाव्यात: अपात्र ठरवण्याचा आदेश, त्यासाठी वापरलेली माहिती, छाननी कोणी केली याची नोंद आणि माझ्या खुलाशावर झालेली कार्यवाही. शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. सोबत आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. उत्तरादाखल आदेशाची प्रत हाती आली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, कारण पुढच्या अपिलाची मुदत त्या दिवसापासून चालू झालेली असते.